खर्च ज्याचा त्याने

माय,

तू गेलीस त्याला आता पुष्कळ वर्षे झाली, आणि अकोल्याच्या निकालातले शेवटचे कलम तुला नीट समजावून सांगायचे राहूनच गेले. दावा आपण जिंकलो, मग खर्च का मिळाला नाही, एवढेच तू विचारत होतीस. मी दर वेळी ‘कोर्टाची मर्जी’ म्हणून विषय संपवत होतो, कारण मलाच ते समजले नव्हते. आता मी अमरावतीच्या कचेरीबाहेर बसतो. सहावीनंतर सुटलेल्या शाळेच्या जोरावर लोकांचे अर्ज, नोटिशींची उत्तरे आणि जबाबाचे कच्चे मसुदे लिहून देतो. माझे अक्षर चांगले आहे आणि शुद्धलेखनात चूक सापडत नाही, म्हणून वकील लोकही कधीकधी काम देतात. रोज दुसऱ्यांचे खर्चाचे कलम वाचताना तुझे आठवते. म्हणून आज सावकाश, पहिल्यापासून लिहितो. ज्या ठिकाणी मला नक्की आठवत नाही ते गाळतो.

परतवाड्याच्या रस्त्याला लागून आपला मळा होता. बाप गेल्यावर रोपांचा धंदा तूच चालवलास. जंभेरीचे, म्हणजे आंबट रानलिंबाचे, बी वाफ्यात टाकायचे, खुंट बोटाएवढा झाला की त्याच्या सालीत चाकूने चीर द्यायची, संत्र्याच्या चांगल्या झाडाचा डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या ओल्या सोपटाने बांधायचा. तू वाफ्याच्या कडेला एक गुडघा टेकून बसलेली मला अजून दिसतेस. पदर कमरेला खोचलेला, चाकू दातात, आणि कोणी बोलायला आला तर तू हुंकारानेच उत्तर देतेस. डोळा लागला की वरून संत्र्याची फूट निघते, पण खालचा खुंट स्वस्थ बसत नाही. तोही आपली फूट काढतो. ती जंभेरीची असते, काटेरी आणि दणकट. ती वेळेवर खुडली नाही तर वरचे संत्रे मरते. म्हणून जवळच्या गिऱ्हाइकाकडे पहिल्या वर्षी तू स्वतः फेरी मारायचीस आणि खालचे फुटवे खुडून यायचीस. असा तुझा रिवाज होता. त्याचे पैसे तू घेतले नाहीस आणि कोणी देऊही केले नाहीत.

अकोल्याकडच्या पाटलांनी रोपे नेली तेव्हा तो रिवाज चुकला. काळ्या जमिनीचे, पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पेरणारे घर. त्यांच्या गावात संत्र्याचा मळा लावणारे ते पहिलेच. मोठ्या हौसेने आले, एकेक रोप हातात घेऊन पाहिले, आपल्या खाटेवर बसून चहा घेतला. तुला ‘बाई, तुमच्या हातचं झाड म्हंजे नातवाले सांगासारखं’ असे म्हणाले. रोपे आगगाडीने गेली. अकोला लांब, मळ्यात दुसरे माणूस नाही, तू फेरीला गेली नाहीस. त्यांनीही काही विचारले नाही.

झाडे फळाला आली तेव्हा बऱ्याच झाडांना जंभेरी लागली. पाटलांची गावात फार थट्टा झाली असे पुढे कळले. लोक त्यांच्या बागेवरून जाताना मुद्दाम तोंड वाकडे करून ‘पाटील, एखादं संत्र द्या ना, लोनच्याले’ असे म्हणत. मग त्यांच्या वकिलाची नोटीस आली. तुम्ही डोळे न बांधताच जंभेरीची रोपे संत्र्याची म्हणून जाणूनबुजून विकलीत, हा दगा आहे, अमुक दिवसांत बागेत येऊन स्वतः पाहून जावे आणि नुकसानभरपाईचे बोलावे, नाहीतर दावा लावू. मी वाचत होतो आणि तू वाफ्याला पाणी देत होतीस. ‘दगा’ हा शब्द आला तेव्हा तू घागर खाली ठेवलीस.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचले.

“दगा लिवलं हाये? तसंच?”

“तसंच लिहिलं आहे.”

“मंग पुढचं नको वाचू.”

“पुढं लिहिलं आहे का, येऊन पाहून जा.”

“काहून जाऊ? ज्यानं दगाबाज म्हनलं त्याच्या बांधावर मी पाय ठेवू? गेली तं लोक म्हनतीन, पाय धराले गेली.”

तू गेली नाहीस. उत्तरही पाठवू दिले नाहीस. आपल्यात तसेच आहे. आळ आला की आळ घेणाऱ्याच्या दारी जायचे नाही, तो आपल्या दारी आला पाहिजे. यात तुझे काही जगावेगळे नव्हते. माळीवाड्यातल्या कोणत्याही बाईने हेच केले असते, आणि संध्याकाळी ओट्यावर जमलेल्या सगळ्यांनी तू बरोबर केलेस असेच म्हटले. शेजारची म्हातारी म्हणाली, “पाटील असन त आपल्या घरचा. आमच्या लेकीले चोर म्हन्ते का वो?” तू हसलीस, आणि मला बरे वाटले.

दावा अकोल्याला लागला. तारखेला आपण बडनेऱ्याला गाडी बदलून जायचो. आपले वकील शांत गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की दगा नुसता म्हणून चालत नाही. कोणी, कधी, कशात केला, ते दाव्यात फोडून लिहावे लागते आणि तेवढे सगळे शाबीत करावे लागते. ते झाले नाही तर दावा पडतो, आणि असा आळ घेऊन तो शाबीत करता आला नाही तर खर्चही बहुतेक त्याच्यावरच बसतो. तेवढ्यावर तुझे डोळे चमकले.

“मंग माहं आगगाडीचं तिकिट?”

“तुमचं तिकीट नाही धरत, बाई. स्टॅम्प, समन्साचा तलबाना, साक्षीदारांचा भत्ता, वकिलाची फी. फीसुद्धा कोष्टकाप्रमाणे, तुम्ही मला द्याल ती नव्हे.”

“आन्‌ मी अथी येतो तवा तथी माहे रोपं वाळते, थे?”

“ते कोष्टकात नाही.”

“कोनं केलं थे कोष्टक?”

“सरकारनं.”

“त्यानं कधी रोपं लावले नसन.”

वकील एवढे हसले की त्यांचा मुन्शी दारातून डोकावला. पण परत येताना गाडीत तू मला जे सांगितलेस ते हसण्यासारखे नव्हते. तू म्हणालीस, “मले पैसा नाई पायजे, बाबू. हुकूमनाम्यावर लिवलं पायजे का खर्च पाटलानं द्यावा. जज्जानं काय म्हनलं थे बजारात कोनी इचारत नाई. इचारते का खर्च कोनावर पडला.” आणि ते खरे होते. दाव्यातून माणूस परत आला की हार-जीत दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. खर्च मात्र एकाच्याच अंगावर पडतो. ज्याच्यावर पडला तो खोटा, हा आपल्याकडचा हिशेब. तुला तुझे नाव परत हवे होते आणि ते तू त्या एका ओळीवर ठेवले होतेस. रोपाचा धंदा नावावरच चालतो. गिऱ्हाईक आज एक हिरवी काडी विकत घेते आणि ती संत्रे आहे हे त्याला पाच वर्षांनी कळते.

कोर्टाने बाग पाहायला कमिशनर पाठवला. त्याने झाडे तपासून लिहिले की बहुतेक खुंटांवर डोळा बांधल्याची जुनी खूण आहे. म्हणजे डोळे बांधले होते. मग ते गेले कुठे? ते आम्हाला पाटलांच्या साक्षीच्या दिवशी कळले. पाटील पिंजऱ्यात उभे आहेत, फेटा नवा, हात कठड्यावर. आपले वकील अगदी साध्या आवाजात विचारतात, रोपे लावल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही काय केले?

“पानी देलं. खत देलं. निंदन केलं. काई कसर नाई ठेवली.”

“छाटणी?”

“एका बुडातून दोन-दोन फांद्या निघाल्या होत्या. एक मरतुकडी, एक जोरदार. मरतुकड्या काढून टाकल्या.”

“मरतुकडी वरची होती की खालची?”

“वरची.”

“काढली कशासाठी?”

“आता घ्या! पऱ्हाटीत काय करतो आमी? मरतुकडं झाड उपटतो, जोरदार ठेवतो. लहानपनापासून हेच करून राहिलो.”

वकील खाली बसले. आणि मागच्या बाकावरून तू मोठ्याने बोललीस, “अगा बाप्पा! संत्र कापलं आन्‌ काटे पोसले!” सगळे कोर्ट हसले. पट्टेवाला ‘चूप, चूप’ म्हणून ओरडला. पाटलांनी तुझ्याकडे पाहिले. त्या क्षणापर्यंत त्यांना खरोखरच माहीत नव्हते. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, “म्हंजे मीच?” आणि कठड्यावरचा हात काढून घेतला. मला तेव्हा फार आनंद झाला होता. आता तो चेहरा आठवतो तेव्हा आनंद होत नाही. त्या माणसाने दगा केला नव्हता आणि खोटा दावाही लावला नव्हता. त्याने काळजी घेतली होती, फक्त कपाशीची.

मग तुझी पाळी आली. त्यांच्या वकिलाने फार विचारले नाही. नोटीस मिळाली होती? मिळाली. बाग पाहून जा असे लिहिले होते? होते. गेल्या होत्या? नाई. उत्तर दिले? नाई. इथे सबजज्ज साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि स्वतःच विचारले, “का गेला नाहीत?”

“त्यानं मले कागदावर दगाबाज म्हनलं, सायेब.”

“ठीक. पण गेल्या असत्या तर काय झालं असतं?”

आपले वकील तुझ्याकडे रोखून पाहत होते. तुला थांबायला सांगता आले असते तर त्यांनी सांगितले असते. तू मात्र, कोणी मळ्यात येऊन रोपाबद्दल विचारावे आणि तू सांगावेस, तितक्या सहजपणे म्हणालीस, “काय होते? पयल्याच झाडापाशी समजलं असतं. फूट कोठून निंगाली थे आंधयाच्या हाताले लागते.”

“मग हा दावा उभाच राहिला नसता?”

“कायचा उभा राहते!”

साहेबांनी लेखणी उचलली. वकिलांनी डोळे मिटले. तू पिंजऱ्यातून ताठ मानेने उतरलीस, कारण विचारले त्याचे खरे उत्तर दिले होतेस. आपला खर्च तिथे गेला हे त्या खोलीत फक्त वकिलांना आणि साहेबांना कळले होते.

निकाल इंग्रजीत होता. वकिलांनी व्हरांड्यात उभे राहून सांगितला. दगा नाही, दावा रद्द, खर्च ज्याचा त्याने सोसावा.

“म्हंजे मी अर्धी दगाबाज?” तू विचारलेस.

“नाही, बाई. पूर्ण निर्दोष आहात.”

“मंग माहा खर्च माह्याच डोक्यावर काहून?”

ते समजावू लागले, पण तू ऐकत नव्हतीस. तुला अपील हवे होते. नुसत्या खर्चासाठी केलेले अपील वरचे कोर्ट सहसा ऐकत नाही, आणि खालच्या कोर्टाने कारणे लिहून ठेवली असतील तर मुळीच नाही, असे ते म्हणाले. तेवढ्यात पाटील समोर आले. त्यांच्या गावची दोन-चार माणसे मागे होती. ते म्हणाले, “झालं गेलं, बाई. आता तरी चाला. झाडं पाहून घ्या, काई होत असन तं सांगा.”

“दगा परत घेता?”

“कोर्टानं खोडला ना थो.”

“कोर्टानं खोडला. तुमी कोठी खोडला?”

पाटलांनी मागच्या माणसांकडे एकदा पाहिले. मग पायांकडे पाहत म्हणाले, “आता अथी काय बोलाव, बाई.” तू पदर सावरलास आणि स्टेशनच्या वाटेला लागलीस. मला वाटते, ती माणसे मागे उभी नसती तर ते बोलले असते. आणि तू गेली असतीस. मोठ्या जंभेरीवरही वर डोळे बांधता येतात, हे तूच मला शिकवलेस. ती बाग दोन-तीन वर्षांत संत्र्याची झाली असती.

त्यानंतर बाजारात जो विचारील त्याला तू जसे होते तसेच सांगायचीस. मी म्हणायचो, नुसते ‘दावा रद्द झाला’ म्हण. तू म्हणायचीस, “खर्च ज्याचा त्याच्यावर.” लोक ‘हो का’ म्हणायचे आणि पुढे जायचे. काही जुनी गिऱ्हाइके त्या साली दुसरीकडे वळली. दोन उन्हाळे गेले आणि तू तापाने गेलीस. शेवटच्या दिवसांत तुला त्या दाव्याची चिंता होती असे मी म्हणणार नाही. तू रोपांना पाणी दिले का, हेच विचारत होतीस.

आता ते कलम. मी इतकी वर्षे ऐकून, विचारून जे समजलो ते असे. खर्च हे बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. ज्याला विनाकारण कोर्टात यावे लागले त्याला त्याचा खर्च भरून द्यायचा, एवढाच त्याचा उद्देश. म्हणून साधारणपणे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. पण न्यायाधीशाला तसे करायचे नसेल तर ते त्याच्या हातात असते, मात्र का ते त्याने लिहून ठेवले पाहिजे. आपल्या साहेबांपुढे दोन निरनिराळे प्रश्न होते. बाईने दगा केला का? नाही. हा दावा टळण्यासारखा होता का? होता, आणि तो टाळणे बाईच्या हातात होते, हे बाईनेच सांगितले. पाटलांनी पुरावा नसताना मोठा आळ घेतला, म्हणून त्यांचा खर्च त्यांच्याच अंगावर. तू बोलावूनही गेली नाहीस, म्हणून जिंकूनही तुझा तुझ्या अंगावर. तुझ्या खरेपणाबद्दल त्या कलमात काही नव्हतेच, माय. ते पहिल्या प्रश्नात संपले होते. तू आणि सगळा बाजार दोन्ही प्रश्न एकच समजून बसलात, आणि मीही.

काल नांदगावकडचा एक सुतार माझ्याकडे आला. त्याने एका व्यापाऱ्याला बैलगाडी करून दिली, चाकाचा मधला तुंबा फुटला, आणि नोटीस आली की सागाच्या नावाखाली हलके लाकूड घालून दगा केला, येऊन गाडी पाहून जा. सुतार तांबडालाल झाला होता. “मुन्शीजी, लिवा कडक जबाब. त्यानं मले चोर म्हनलं, मी नाई जात त्याच्या दारी.”

मी लिहिले की आरोप साफ नाकबूल आहे. त्याखाली लिहिले की असे असूनही गाडी पाहण्यास मी येत आहे, पण माझ्या येण्याचा अर्थ आरोप कबूल केला असा कोणी घेऊ नये. मग त्याला वाचून दाखवले.

“असं लिवता येते?”

“येतं.”

“आन्‌ माही इज्जत?”

“ती पहिल्या ओळीत लिहिली आहे. जाणं दुसऱ्या ओळीत. दोन्ही एकाच कागदावर राहतात.”

“तुमी गेले असते?” त्याने विचारले. मी म्हणालो, नाही गेलो तर जिंकूनही खर्च पदरात पडत नाही, मी पाहिले आहे. आणि साहेबांचा तसा निकाल बरोबर असतो. हे मी प्रथमच कोणापुढे बोललो. अंगठा उठवून, कुरकुरत, पण कागद घेऊन तो गेला. तो जाईल असे वाटते.

त्याने विचारले होते त्याचे उत्तर मात्र मी दिले नाही, ते टाळून दुसरेच सांगितले. ते तुला सांगतो, कारण हा कागद कुठे जायचा नाही. अकोल्याचे साहेब बरोबर होते, हे मला पटले आहे, आणि रोज चार लोकांना मी तेच पटवीन. पण आज पुन्हा तशी नोटीस आली, आणि हे सगळे माहीत असूनही मी तुझ्याशेजारी वाफ्यावर उभा असलो, तर तुला जा म्हणणार नाही.